वर अजून मुली उभ्या आहेत

शर्यतीच्या सकाळी मुली उतार बघायला जातात तेव्हा तो अगदी गरीब गाईसारखा पडून असतो. स्की आडव्या धरून कडेकडेने घसरत उतरायचं, वाट दाखवणाऱ्या काठ्यांच्या प्रत्येक गेटपाशी थांबायचं, डोळे मिटायचे आणि पंज्याने हवेत वळण काढून बघायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या पोरींना उभ्याउभ्या झोप लागली आहे आणि झोपेत त्या मासे पकडत आहेत.

बुर्गी आइटरर हे सोळाव्या वर्षापासून करत आली होती. आता तिशी ओलांडली होती. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियांचे व्रण होते, घरातल्या फळीवर हंगामाच्या अजिंक्यपदाचे दोन स्फटिकगोल होते, आणि त्या गोलांपर्यंत नुकताच हात पोचू लागलेली दीड वर्षाची अफ्रा होती. एकच गोष्ट नव्हती. ज्या दरीत ती जन्मली तिथलीच, सांक्ट रोमेडीची शर्यत तिने कधी जिंकली नव्हती. दोनदा दुसरी आली होती, एकदा जाळीत जाऊन पडली होती, आणि एका वर्षी तर पोटावर कोटाची बटणं लागत नाहीत म्हणून नवऱ्याचा कोट घालून कुंपणाबाहेर उभी होती. बाजारात पाववाली अजूनही तिला म्हणायची, "जगभर जिंकतेस गं, आमच्यासमोर काय होतं तुला?"

'गवळण' नावाच्या उडीपाशी बुर्गी थांबली. उन्हाळ्यात गुरं वर चढवतात तेव्हा तिथे गवळणींची झोपडी गजबजलेली असते, म्हणून ते नाव. हिवाळ्यात झोपडी बर्फाखाली जाते आणि त्या उंचवट्यावरून मुली मोटारीच्या वेगाने हवेत फेकल्या जातात. पलीकडचं काही दिसत नाही. दरीतल्या देवळाचा मनोरा नजरेत धरायचा आणि त्याच्या रोखाने अंग सोडून द्यायचं, एवढंच हातात.

बुर्गीने हातमोजा काढून उंचवट्याच्या ओठाला, म्हणजे हवेत सुटायच्या कडेला, नखाने खरवडलं. दोन दिवसांपूर्वी सरावाच्या वेळी तिथे बर्फ भुसभुशीत होता. त्यानंतर आभाळ निवळलं, कडाक्याची थंडी पडली, आणि वरचा सगळा उतार आरशासारखा झाला. म्हणजे इथे पोचताना वेग वाढणार आणि ओठ मात्र तेवढाच उंच राहणार. तिने खाली पाहिलं. जिथवर उतार आहे तिथवर पडलं तर उतार माणसाला झेलतो, सरकवून पुढे नेतो. त्याच्या पुढे सपाटी होती. सपाटी कुणाला झेलत नाही. तिथे सगळं गुडघ्यांनी झेलायचं.

"काय गं, मोजपट्टी देऊ का?" प्रशिक्षक एगॉन प्रांट्ल वरून घसरत येऊन तिच्याशेजारी थांबला. "जिन्याच्या तोंडाशी पोर गेल्यावर आया बघतात तसं बघतेयस."

"एगॉन, हा ओठ कापायला सांग. फावड्याचं काम आहे, पाच माणसं लागतील."

"पंचांनी पास केलाय."

"पंचांनी काल पास केलाय. काल दुपारी."

एगॉन हसला. त्याला स्वतःला तीन मुलं होती. ती झाल्यावर त्याला जिकडेतिकडे खड्डे दिसायला लागले, असं त्याला कधी कुणी म्हटलं नव्हतं. बुर्गीला मात्र परत आल्यापासून आठवड्याला दोनदा तरी कुणी ना कुणी ऐकवायचं. हंगामातल्या पहिल्या शर्यतीत ती सहावी आली तर वर्तमानपत्राने छापलं, 'आईचं काळीज ब्रेक लावतं'. गेल्या वर्षी बाप झालेला, पुरुषांच्या संघातला त्यांचाच एक गडी त्याच आठवड्यात अठरावा आला, तेव्हा त्याच्या काळजाचं कुणी नाव काढलं नाही. त्याच्या स्कींचं मेण चुकलं होतं म्हणे.

झीटा मागून आली. एकोणीस वर्षांची, संघातली सगळ्यात लहान, नाकावर उन्हाने सोललेली साल. "बुर्गी, इथे तू काय धरतेस? मनोरा?"

"सरावात मनोराच धरला. आज काय धरायचं ते खाली गेल्यावर सांगते. मी तुझ्या खूप आधी उतरणार आहे."

"नक्की?"

"कधी सांगितलं नाही असं झालंय का?"

झालं नव्हतं. या खेळात ती एक रीत आहे. आधी उतरलेली मुलगी खाली पोचली की वॉकीटॉकीवर बोलते. कुठे बर्फ तुटलाय, कुठे वारा आडवा लागतोय, कुठली उडी लांब जातेय, ते आपल्या संघाच्या वर थांबलेल्या मुलींसाठी सांगते. दरीतल्या क्लबात बुर्गीला शिकवणारी म्हातारी वाल्ली त्या बाबतीत फार कडक होती. कार्टी खाली येऊन आधी वेळेच्या फळ्याकडे बघू लागली की ती काठी हाणायची. "वेळ तुझीच आहे, पळून नाही जात. आधी बोल. वर अजून मुली उभ्या आहेत." बुर्गी जग जिंकून आली, पण ती सवय सुटली नाही. पाणी नंतर, वेळ नंतर.

दुपारी तिची पाळी आली. सुरुवातीच्या दारातून ती निघाली तेव्हा दरीत प्रेक्षक वाजवत होते त्या गाईंच्या घंटांचा आवाज तिला एकदाच ऐकू आला, मग फक्त वारा. वरची तीन वळणं तिने स्वच्छ काढली. मग उताराने दात दाखवले. निळ्या गेटपाशी अंगाचं मुटकुळं करून ती गवळणीच्या रोखाने निघाली आणि तिच्या पायांना कळलं की वेग जास्त आहे. डोक्याला कळायच्या आत ती हवेत होती.

ती हवेतच राहिली. मनोरा आला, मनोरा खाली गेला, तरी बर्फ येईना. वाऱ्याने उजवी स्की उचलली. तिने पोटाच्या जोराने ती खाली ओढली आणि सपाटीच्या अगदी तोंडाशी आदळली. डाव्या गुडघ्यात काहीतरी किरकिरलं. दात एकमेकांवर आपटले, तोंडात रक्ताची चव आली. पण ती उभी होती. उभी होती म्हणून पुन्हा मुटकुळं केलं आणि शेवटच्या वळणातून रेषेच्या पलीकडे गेली.

गावाने आरोळी ठोकली. ती पहिल्या क्रमांकावर होती, तेही चांगल्या फरकाने. तिने फळ्याकडे पाहिलं नाही. कास्सियान, तिच्या स्कींना मेण लावणारा, धावत आला आणि त्याने वॉकीटॉकी तिच्या तोंडाशी धरला.

"एगॉन, बुर्गी बोलतेय. गवळण खूप लांब फेकतेय. सपाटीपर्यंत. मी जेमतेम वाचले. मुलींना सांग, निळ्या गेटला मुटकुळं मोडायचं, उभं राहायचं, छातीला वारा घ्यायचा. मनोरा धरायचा नाही. मनोऱ्याच्या डावीकडे लाकडी कोठार आहे ते धरायचं. ऐकलंस?"

"ऐकलं. छान झाली गं, बुर्गी!" वरून एगॉनचा आवाज आला.

मग तिला आघाडीच्या चौकटीत नेऊन उभं केलं. जी पहिली असते तिला जाहिरातीच्या पाटीसमोर, कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागतं, पुढची कुणी येऊन तिला हुसकावेपर्यंत. कुंपणापलीकडे तिचा नवरा व्हिगिल अफ्राला खांद्यावर घेऊन नाचत होता. अफ्राच्या उजव्या हातातला मोजा पडला होता. बुर्गीने कॅमेऱ्याकडे हसत, दात न उघडता ओरडून सांगितलं, "मोजा! तिचा मोजा!" व्हिगिलला वाटलं ती विजयाच्या खुणा करतेय. तोही उलट हात हलवू लागला.

एकेक मुलगी येत होती. कुणी तिच्या जवळपास फिरकत नव्हती. मग तिच्याच संघातली थेक्ला उतरली. मोठ्या पडद्यावर बुर्गीने पाहिलं. निळ्या गेटला थेक्ला उभी राहिली नाही. मुटकुळं आणखी घट्ट करून ती उडीवर गेली. हवेत तिचे दोन्ही हात पिसाटासारखे फिरले, ती एका पायावर आदळली, सपाटीवर वाकडीतिकडी होत कशीबशी सावरली आणि खाली आली. थांबल्याबरोबर तिने काठ्या बर्फात फेकल्या आणि थेट चौकटीशी येऊन बुर्गीच्या अंगावर ओरडली.

"मरायला पाठवत होतीस का मला?"

"थेक्ला, तू उभी का नाही राहिलीस?"

"उभी? तूच सांगितलंस ना! गवळण मऊ आहे, मनोरा धर, बिनधास्त सुसाट जा!"

"मी?"

"एगॉन म्हणाला, बुर्गी म्हणते. पहिली यायचं होतं तर सरळ यायचंस. आपल्या माणसांचे पाय कशाला मोडतेस?"

बुर्गीच्या कानशिलात रक्त चढलं. खोटं सांगितलं असतं तर एक वेळ समजलं असतं. पण तिच्या नावाने सांगितलं होतं. एवढ्या वर्षांत ज्या एका गोष्टीवर तिने डाग पडू दिला नव्हता, तिलाच काळं फासून वर पाठवलं होतं. तिने कास्सियानच्या छातीवरचा वॉकीटॉकी ओढून घेतला. पट्ट्यासकट कास्सियानही ओढला गेला.

"एगॉन. मी काय सांगितलं होतं?"

खरखरीतून आवाज आला, "बुर्गी, तुझी शर्यत झाली. आरामात उभी राहा. फोटो काढून घे."

"मी काय सांगितलं होतं?"

"हे बघ, मुलींना उभं राहा म्हटलं की त्या वरपासून खालपर्यंत उभ्याच राहतात. झीटाला आज पहिल्या दहात यायचंय, नाहीतर जागतिक स्पर्धेच्या संघात तिला बसवता येणार नाही. भीती सांगून पोरी जिंकत नाहीत."

"भीती? मी उतारावरून बोलतेय."

"तू उतारावरून बोलत नाहीस. तू पाळण्यावरून बोलतेयस," एगॉन म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट समजूत घातल्यासारखा गोडवा होता. तो जास्त झोंबला. "मूल झाल्यापासून तुला सगळीकडे कडे दिसतात. होतं तसं. माझ्या बायकोचंही झालं होतं. पण संघाने त्याची किंमत का मोजायची?"

"कड्यावरून मी सगळ्यात जोरात उतरलेय! फळा वाच!"

पलीकडून उत्तर आलं नाही. कास्सियानने ऐकून मान खाली घातली. "वाहिनी बदलली त्याने," तो पुटपुटला. "दुसऱ्या आकड्यावर गेलाय. मला तो माहीत नाही."

त्याच वेळी गर्दीतून हुंदक्यासारखा आवाज उठला. पडद्यावर नॉर्वेची सुन्निवा होती. ती हवेत होती, आणि बुर्गीला तिच्या उंचीवरूनच कळलं. ती सपाटीवर पाठीच्या दिशेने पडली. एक स्की सुटली, एक सुटली नाही. जी सुटली नाही तिने पायाला नको त्या बाजूला वळवून नेलं. सुन्निवा जाळीत जाऊन अडकली आणि हलली नाही. मग तिचा एक हात वर झाला. गाव इतकं शांत झालं की कुणाच्या तरी गळ्यातली घंटा हलली तीही ऐकू आली.

पिवळे झेंडे हलले. शर्यत थांबवली.

बुर्गी चौकट सोडून निघाली. जाहिरातवाला मागे धावला, "अगं, तुला इथेच थांबावं लागेल!" तिने ऐकलं नाही. रेषेपाशी पंचांपैकी एक गृहस्थ उभे होते, परदेशी, उंच टोपीचे, हातात चहाचा पेला.

"उडीचा ओठ कापा," बुर्गी म्हणाली. "आत्ता कापता येईल. नाहीतर शर्यत बंद करा."

"तुम्ही आघाडीवर आहात, बाई," ते नवलाने म्हणाले. "मध्येच उतार बदलला तर तो सगळ्यांना सारखा राहत नाही. शर्यत रद्द करावी लागेल. तुमचा विजय जाईल. लक्षात येतंय ना?"

"येतंय."

"शिवाय तुमच्या संघाकडून तक्रार नाही. मी तुमच्या प्रशिक्षकांना आताच विचारलं. ते म्हणाले, उडी उत्तम आहे. खेळाडूची तक्रार प्रशिक्षकांमार्फतच यावी लागते." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि ती मुलगी मागे झुकली होती. चूक तिची आहे."

तिची चूक. बुर्गीला वाटलं, या माणसाचा चहा त्याच्याच टोपीत ओतावा. जी पडली तिची चूक, जी सांगते ती घाबरट, आणि जो पेला धरून उभा आहे त्याचं सगळं नियमात बसतं. तिच्या मनाचा एक कोपरा मात्र हेही बघत होता की हे गृहस्थ म्हणतात ते खोटं नाही. गप्प बसली तर ही शर्यत तिची आहे. अजून जिच्याकडून धोका होता ती एकच, डोंगरापलीकडच्या इटालियन खोऱ्यातली मिलेना. आणि एवढ्या कडक उतारावर, मनोऱ्याच्या रोखाने, मिलेनालाही तिच्यापुढे जाता आलं नसतं. पाववालीचं तोंड एकदाचं बंद झालं असतं.

वर झीटा उभी होती. सोललेल्या नाकाची, 'नक्की?' म्हणून विचारणारी. तिला बुर्गीच्या नावाने सांगितलं गेलं होतं, मनोरा धर.

"बुर्गी! ये ये ये, इकडे!" दूरदर्शनचा हाइमो माईक घेऊन आडवा आला. शर्यत थांबली की त्याला वेळ भरून काढायचा असतो. त्याने तिला खांद्याला धरून कॅमेऱ्यासमोर वळवलं. "आपण थेट प्रक्षेपणात आहोत. गंभीर बोलून लोकांना रडवायचं नाही, हं." मग आवाज गोड करून, "तर मंडळी, आपली बुर्गी! घरच्या उतारावर, घरच्या लोकांसमोर, आणि घरची छोटी अफ्राही इथेच कुठेतरी आहे! बुर्गी, सगळ्या आयांच्या मनातला प्रश्न विचारतो. आज तू इथे, मग पोरीला कोण बघतंय? आणि असं कुणी पडलेलं बघितलं की तिचा चेहरा डोळ्यांसमोर येतो का गं?"

हा प्रश्न तिला या हंगामात प्रत्येक शर्यतीत विचारला होता. प्रत्येक वेळी ती हसून काहीतरी बोलली होती, आणि गाडीत बसल्यावर स्टिअरिंगवर हात आपटला होता. आताही राग आला. पण त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की हा माईक थेट आहे. शर्यत थांबली की वरच्या तंबूत सगळ्या मुली शेगडीभोवती उभ्या राहतात, पाय झटकतात, आणि समोरच्या पडद्याकडे बघतात. दुसरं तिथे करायला काही नसतं. एगॉन वॉकीटॉकीचा आकडा बदलू शकत होता. हा पडदा त्याच्या हातात नव्हता.

"तिला तिचा बाप बघतोय," बुर्गी म्हणाली. "त्याला दोन हात आहेत. एका हातात तिचा पडलेला मोजा उचलता आला तर बरं होईल. आता माईक दे."

"अं?"

तिने तो घेतला. हाइमोने सोडला नाही, म्हणून दोघांनी मिळून धरला.

"झीटा, मी बुर्गी. माझ्या नावाने तुला गवळणीबद्दल जे सांगितलं ते मी बोललेले नाही. मी हे बोलले होते. निळ्या गेटला मुटकुळं मोड. उभी राहा. वेग जातोय असं वाटेल, जाऊ दे. मनोरा धरू नकोस, त्याच्या डावीकडचं लाकडी कोठार धर. उतारावर उतरशील. उतारावर उतरलीस की खालच्या सपाटीवर गेलेला वेग परत मिळतो. सपाटीवर आदळलीस तर काहीच परत मिळत नाही."

ती श्वास घ्यायला थांबली. हाइमोच्या कानातल्या यंत्रात कुणीतरी ओरडत होतं, ते तिलाही ऐकू येत होतं.

"आणि हे एकट्या झीटासाठी नाही. वर ज्या कुणी उभ्या आहेत त्या सगळ्यांसाठी आहे. जॅकेट कुठलंही असो." मग तिने तेच पुन्हा, गेटचा रंग, कोठार, छाती, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

हाइमोचं तोंड उघडं राहिलं होतं. असं कुणी करत नाही. उताराची माहिती हे संघाचं धन असतं. नवरा-बायकोचे संघ वेगळे असले तर ते जेवणाच्या टेबलावरही बोलत नाहीत. कुंपणापाशी कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, "अरे, हिने तर इटलीवाल्यांना पण सांगून टाकलं!"

शर्यत पुन्हा सुरू झाली. कोणी उडीचा ओठ कापला नाही.

पहिली उतरली ती मिलेना. निळ्या गेटला ती ताडकन उभी राहिली, जणू कुणी तिला हाक मारली. कमी उडाली, उतारावर मांजरीसारखी उतरली आणि सपाटीवरून बाण सुटावा तशी आली. फळ्यावर तिचं नाव बुर्गीच्या वर चढलं, पापणी लवते तेवढ्या फरकाने. इटालियन घोळक्याने एकट्यानेच आरडाओरडा केला.

बुर्गी चौकटीबाहेर आली, मिलेना आत गेली. जाताजाता मिलेनाने तिच्याकडे पाहिलं. "ते कोठार," ती म्हणाली, "बरोबर सांगितलंस." बुर्गीने मान हलवली.

मग झीटा. पडद्यावर ती लहानशी दिसत होती. वरची वळणं तिने जरा रुंद काढली. निळं गेट आलं, आणि झीटा मुटकुळ्यातच होती. बुर्गीची नखं तळव्यात रुतली. "उठ," ती म्हणाली. "उठ ना गं, उठ." झीटा उठली. उशिरा, पण उठली. हवेत गेली, हात हलले, उताराच्या शेवटच्या तुकड्यावर उतरली, डगमगली, आणि खाली आली. चौदावी. तिने फळा पाहिला आणि रेषेच्या पलीकडे बर्फात बसकण मारली. बुर्गी धावत गेली आणि तिने आधी तिचे दोन्ही गुडघे चाचपले, जसे अफ्रा पडल्यावर चाचपते तसे.

"संघातून गेले मी," झीटा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "चौदावी. तुझं ऐकून चौदावी."

"हो."

"एगॉन म्हणाला, टीव्हीचं ऐकू नको, त्या बाईचं डोकं फिरलंय. मी उठले, पण उशिरा उठले. कारण मला कळेना कोण खरं." ती आता रडायलाच लागली. "असं का करता तुम्ही लोक? वर उभं राहून माणसाने कुणाचं ऐकायचं?"

बुर्गीने झीटाला उठवून उभं केलं.

शेवटची मुलगी उतरल्यावर एगॉन खाली आला. चेहरा लालबुंद होता, थंडीने नाही. "कुणाचं जॅकेट घालतेस गं तू?" त्याने सगळ्यांसमोर विचारलं. "स्वतःची शर्यत घालवलीस, पोरीची जागा घालवलीस आणि वर इटलीला बक्षीस दिलंस. उद्याच्या शर्यतीत तुला उतरवायचं की नाही, हे मला संघाला विचारावं लागेल."

"विचार," बुर्गी म्हणाली. "आणि विचारशील तेव्हा मी सांगितलेलं आणि तू सांगितलेलं, दोन्ही सांग. शब्दशः सांग. जमेल का? की तिथेही माझ्या नावाने काहीतरी सांगशील?"

"हे बघ, मी वीस वर्षं..."

"वीस वर्षं तू वर उभा असतोस, एगॉन. शर्यतीनंतर खाली कसा येतोस? लिफ्टने येतोस."

कास्सियान खोकला. थेक्ला पुढे आली. मघाशी फेकलेल्या काठ्या तिने अजून उचलल्या नव्हत्या. "उद्या मला कुणी 'बुर्गी म्हणते' असं सांगितलं," ती एगॉनला म्हणाली, "तर मी आधी बुर्गीला विचारणार. तिचा आवाज ऐकल्याशिवाय निघायची नाही. सुरुवातीचं घड्याळ खुशाल वाजू दे." एगॉनने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि पत्रकार येताना दिसल्यावर हसरा चेहरा करून तिकडे वळला.

बक्षीस समारंभाला अजून वेळ होता. बुर्गी प्रथमोपचाराच्या लाकडी खोलीत गेली. सुन्निवा खाटेवर होती, पाय फळीला बांधलेला, चेहरा मेणासारखा. बाहेर हेलिकॉप्टरची वाट बघत होते. भिंतीवरचा छोटा टीव्ही चालूच होता, आवाज बंद करून.

"इथे पडल्यापडल्या ऐकलं मी तुझं," सुन्निवा इंग्रजीत म्हणाली. "कोठार. उभं राहा. छान सांगितलंस." मग तिने विचारलं, "तू माझ्या खूप आधी उतरली होतीस ना?"

"हो."

"म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं."

"मी खाली आल्याबरोबर सांगितलं होतं." बोलताबोलता बुर्गीलाच तिच्या बोलण्याचा अर्थ कळला. "आमच्या लोकांना."

"हं," सुन्निवा म्हणाली. "आम्ही पण आमच्याच लोकांना सांगतो." तिने डोळे मिटले. "काय मूर्ख लोक आहोत आपण."

ती 'आपण' म्हणाली याचाच बुर्गीला जास्त संताप आला. आपण का? गुडघे आपले, उडी दुसऱ्यांची, माहिती तिसऱ्याच्या खिशात, आणि मूर्ख आपण? पण ज्या मुलीचा पाय फळीला बांधला आहे तिच्याशी वाद घालत नाहीत. तिने सुन्निवाच्या अंगावरची घोंगडी गळ्यापर्यंत ओढली आणि बाहेर आली.

हेलिकॉप्टर उतरलं, बर्फाचा धुरळा उडाला. त्या धुरळ्यात व्यासपीठामागे मिलेना उभी होती, वरच्या पायरीवर जायची वाट बघत. तिला आनंद झाला होता, पण कुठे ठेवावा ते कळत नव्हतं असं दिसत होतं. व्हिगिल अफ्राला घेऊन आला. तिचा मोजा सापडला नव्हता म्हणून त्याने स्वतःचा चढवला होता, तो कोपरापर्यंत आला होता. बुर्गीने पोरीला घेतलं, आत हात घालून बोटं गरम आहेत का पाहिलं, मग तिला कडेवर ठेवूनच मिलेनाजवळ गेली.

"उद्या इथेच पुन्हा शर्यत आहे," ती म्हणाली. "तोच उतार. तीच गवळण. ते ओठ कापतील असं मला वाटत नाही. उतरायचा तुझा क्रमांक माझ्या आधी लागू शकतो."

"लागू शकतो."

"तू आधी उतरलीस आणि तुला काही दिसलं, तर सांगशील? तुमच्या वॉकीटॉकीवर नाही. मोठ्याने. माईकवर. सगळ्यांना."

मिलेनाने वर चढणाऱ्या हेलिकॉप्टरकडे पाहिलं. "माझा प्रशिक्षक मला फाडून खाईल," ती म्हणाली.

"माझा खातोच आहे. पचत नाहीये त्याला."

मिलेनाला हसू आलं, मग ते गेलं. व्यासपीठावरून तिचं नाव पुकारलं. ती एक पायरी चढली, थांबली, मागे वळली. तिच्या खोऱ्यात घरोघर दोन-तीन भाषा बोलतात. तिने त्या डोक्यात चाळून पाहिल्यासारखं केलं.

"कुठल्या भाषेत सांगू?" तिने विचारलं.